पार्श्वसेवा, मोबाइल ॲपची

मोबाइलवरील ॲप पडद्यावरून दूर झाल्यावर किंवा वापरकर्त्याने ते बंद केल्यावरही त्याच्या कामाचा जो भाग दृष्टीआड चालू राहतो, त्यास पार्श्वसेवा म्हणतात. गाणे वाजत ठेवणे, चालणाऱ्याचा मार्ग नोंदविणे, छायाचित्रे सर्व्हरकडे पाठविणे, ठरलेल्या वेळी औषधाची आठवण करून देणे, संकटाची सूचना ग्रहण करणे ही तिची परिचित उदाहरणे होत. ॲप बंद झाल्यावर सेवा कशी चालू ठेवावी, हा प्रश्न वरवर तांत्रिक दिसतो. परंतु त्याच्या उत्तरावर एखाद्याची नोंद टिकणे, तर एखाद्याचा जीव वाचणेही अवलंबून असू शकते.

संगणकशास्त्रात ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९६३ च्या सुमारास पडद्याआड काम करणाऱ्या आज्ञावलींना ‘डीमन’ हे नाव मिळाले. भौतिकीविज्ञ मॅक्सवेल यांनी कल्पिलेल्या, रेणूंची निवड करीत अखंड राबणाऱ्या काल्पनिक जीवावरून ते घेतले होते. पुढे युनिक्स प्रणालीत डाक पोचविणे, छपाईची रांग सांभाळणे इ. कामे अशाच आज्ञावलींकडे सोपविण्यात आली. भिंतीतील विजेवर चालणाऱ्या त्या यंत्रांवर डीमन महिनोन्‌महिने जागा राहिला, तरी कोणाचे बिघडत नसे. मोबाइलची गोष्ट वेगळी आहे. त्याची सर्व शक्ती खिशात मावणाऱ्या बॅटरीत साठविलेली असते आणि त्याची स्मृती डझनावारी ॲपांत वाटली जाते. त्यामुळे मोबाइलवरील पार्श्वसेवेस डीमनाचा हक्क नाही. परिचालन प्रणालीने अटींवर दिलेली व केव्हाही परत घेता येणारी ती एक सवलत आहे.

या सवलतीचे महत्त्व कोठे जाणवते, हे एका तालुक्याच्या उदाहरणावरून पाहता येईल. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचा औरंगाबाद) जिल्ह्यातील सोयगाव तालुका अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या उत्तर पायथ्याशी आहे. वाघूर नदीचे पाणी येथून तापीच्या खोऱ्यात जाते. कपाशी हे येथील प्रमुख पीक होय. येथील शेतकऱ्याच्या उपयोगाची दोन सरकारी ॲपे येथे विचारात घेण्याजोगी आहेत. पहिले ‘ई-पीक पाहणी’. पिकांची जी नोंद पूर्वी तलाठी गाव नमुना क्रमांक बारामध्ये करीत असे, ती स्वतः शेतकऱ्याने शेतात उभे राहून, पिकाचे छायाचित्र व स्थानाचे अक्षांश-रेखांश जोडून करावी, यासाठी राज्याच्या महसूल व कृषी विभागांनी ते १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू केले. दुसरे ‘दामिनी’. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने (आयआयटीएम) ते विकसित केले असून २० व ४० किमी. अंतराच्या आत विजा पडत असल्यास ते सूचना देते. पहिल्यात शेतातून बाहेर जाणारी माहिती महत्त्वाची, तर दुसऱ्यात बाहेरून शेतात येणारी. दोन्ही कामांच्या वेळी मोबाइल बहुधा खिशात किंवा बांधावरच्या निंबाला अडकविलेल्या पिशवीत असतो आणि पडद्यावर ॲप नसते.

कार्यपद्धती : अँड्रॉइड ही भारतात सर्वाधिक वापरली जाणारी मोबाइल परिचालन प्रणाली लिनक्सच्या गाभ्यावर उभारलेली आहे. तीत प्रत्येक ॲप स्वतंत्र प्रक्रियेत व स्वतंत्र ओळखीखाली चालते. पडद्यावर दिसणारा भाग वेगळा आणि सेवा हा भाग वेगळा. मात्र दोन्ही एकाच प्रक्रियेच्या छपराखाली असतात. येथेच पहिला गैरसमज होतो. सेवा सुरू केली म्हणजे कामाचा वेगळा धागा आपोआप सुरू झाला, असे नवशिके समजतात. प्रत्यक्षात सेवेतील काम स्वतंत्र धाग्यावर मुद्दाम सोपवावे लागते. अन्यथा ते पडद्याचे काम पाहणाऱ्या मुख्य धाग्यावरच चालते आणि ॲप गोठल्यासारखे होते. दुसरा गैरसमज असा, की सेवेला स्वतःचे असे आयुष्य असते. घर पडले की खोली उरत नाही, त्याप्रमाणे प्रक्रिया संपली की तीतील सेवाही संपते.

प्रक्रिया केव्हा संपवावयाची, हे प्रणाली ठरविते. स्मृती अपुरी पडू लागली, की ती सर्व प्रक्रियांना महत्त्वाप्रमाणे क्रम लावते. वापरकर्त्याच्या नजरेसमोर असलेली प्रक्रिया सर्वांत वर, अंशतः दिसणारी किंवा वापरकर्त्याला जाणवणारे काम करणारी त्याखाली, नुसती सेवा चालविणारी आणखी खाली आणि पूर्वी वापरून बाजूला पडलेली सर्वांत तळाशी. तळापासून छाटणी सुरू होते. छाटलेली सेवा जागा झाल्यावर पुन्हा सुरू करावी, अशी विनंती सेवेला आधी करून ठेवता येते व प्रणाली ती बहुधा मानतेही. परंतु ‘चिकट’ म्हटल्या जाणाऱ्या या प्रकारात पुनर्जन्म मिळालेल्या सेवेला मूळ आज्ञा पुन्हा मिळत नाही. कोणते छायाचित्र पाठवावयाचे होते, हे तिला ठाऊक नसते. मूळ आज्ञेसह पुनर्जन्म देणारा दुसरा प्रकारही आहे. तोही प्रणालीच्या मर्जीवरच चालतो. सेवा परत आली, पण काम हरवले, अशी स्थिती ज्या ॲपांत आढळते, त्यांचे मूळ बहुधा या भेदाच्या अज्ञानात असते.

‘बंद करणे’ या शब्दाचेही तीन वेगळे अर्थ आहेत आणि त्यांची सरमिसळ फार होते. मागे जाण्याची किंवा मुख्य पडद्याची खूण दाबल्यास ॲप केवळ नजरेआड होते. त्याची प्रक्रिया तशीच राहते. अलीकडे वापरलेल्या ॲपांच्या यादीतून बोटाने सरकवून काढल्यास त्याचे पडद्यावरील काम संपुष्टात येते. तेव्हा साधी सेवा चालविणारी प्रक्रिया मारली जाऊ शकते. सूचनेसह उघडपणे चालणारी पुरोभागी सेवा मात्र मूळ अँड्रॉइडमध्ये सहसा टिकते. तिसरा प्रकार सेटिंगमध्ये जाऊन सक्तीने थांबविण्याचा. त्यानंतर ॲप ‘थांबलेले’ म्हणून नोंदले जाते. २०११ साली आलेल्या अँड्रॉइड ३.१ पासून अशा ॲपास वापरकर्त्याने स्वतः पुन्हा उघडेपर्यंत कोणताही संकेत पोचत नाही. मोबाइल सुरू झाल्याचा नाही, वेळ झाल्याचा नाही आणि सर्व्हरच्या संदेशाचाही नाही. यावर तोड नाही, आणि ती नसावी हेच योग्य; कारण वापरकर्त्याने स्पष्ट नकार दिल्यावरही चालत राहणारी आज्ञावली म्हणजे सेवा नव्हे, घुसखोरी होय.

काही उत्पादकांनी मूळ प्रणालीत बदल करून यादीतून सरकविण्याच्या साध्या कृतीला जवळजवळ सक्तीने थांबविण्याचा अर्थ दिला आहे. अशा मोबाइलवर ‘ऑटोस्टार्ट’ नावाची वेगळी परवानगी द्यावी लागते व ती मूळतः बंद असते. त्यामुळे एकच ॲप शेजारच्या दोन मोबाइलांवर वेगवेगळे वागते आणि दोष ॲपाच्या माथी येतो. यादी वरचेवर साफ केल्याने बॅटरी वाचते, ही समजूतही रूढ आहे. बाजूला पडलेली प्रक्रिया स्मृती अडविते, परंतु काम करीत नसल्याने वीज फारशी घेत नाही. उलट ती मारून पुन्हा उभी करण्यासच अधिक वीज लागते.

निर्बंधांचा इतिहास : २००८ साली बाजारात आलेल्या अँड्रॉइडची पहिली काही वर्षे मोकळीकीची होती. कोणतेही ॲप कितीही काळ सेवा चालवी, प्रक्रियक झोपू नये म्हणून त्यास ‘वेक लॉक’ लावून ठेवी आणि दर काही मिनिटांनी सर्व्हरचे दार ठोठावी. एकेकाची मागणी लहान असली, तरी पंचवीस ॲपांची मिळून ती मोठी होई. रात्री भरलेली बॅटरी दुपारी रिकामी होण्याचे हे एक कारण होते. शिवाय नजरेआड स्थान व ध्वनी टिपण्याचा गैरवापरही याच वाटेने होत असे. पुढील निर्बंध या दोन्ही अनुभवांतून आले आहेत, हे ध्यानात घेतल्यास त्यांविषयीची ॲपकर्त्यांची नेहमीची तक्रार एकांगी वाटते.

२०१४ च्या अँड्रॉइड ५.० मध्ये कामे वेळापत्रकाला सोपविण्याची सोय झाली. २०१५ च्या ६.० मध्ये ‘डोझ’, म्हणजे डुलकी, ही अवस्था आली. मोबाइल भारणीस लावलेला नसेल, पडदा बंद असेल व तो काही काळ हललेला नसेल, तर प्रणाली त्यास डुलकीत नेते. ॲपांचा जाळ्याशी संपर्क तुटतो, वेक लॉक दुर्लक्षिले जातात आणि साधे गजर व नेमलेली कामे पुढे ढकलली जातात. अधूनमधून देखभालीची छोटी खिडकी उघडते, तेव्हा तुंबलेली कामे एकदम उरकली जातात. डुलकी लांबते तशा या खिडक्याही विरळ होतात. २०१६ च्या ७.० पासून मोबाइल हलता असतानाही डुलकीचा सौम्य प्रकार लागू झाला. निंबाच्या फांदीवर टांगलेल्या पिशवीतील मोबाइल डुलकीच्या बहुतेक सर्व अटी पुऱ्या करतो, हे येथे लक्षात ठेवावयास हवे.

खरा कलाटणीचा टप्पा २०१७ मधील ८.० हा होय. त्यानुसार ॲप नजरेआड गेल्यावर काही मिनिटांनी त्याची साधी सेवा प्रणाली थांबविते आणि नजरेआड असताना नवी साधी सेवा सुरू करू देत नाही. ज्यास काम चालू ठेवावयाचे असेल, त्याने पुरोभागी सेवा घ्यावी व सूचनापट्टीत आपले अस्तित्व जाहीर करावे, असा हा नियम आहे. सेवा सुरू झाल्यापासून सु. पाच सेकंदांत ही जाहीर सूचना न लावल्यास ॲप बाद केले जाते. २०१८ मध्ये ९ व्या आवृत्तीने ॲपांना वापराच्या वारंवारतेनुसार कप्प्यांत वाटले. क्वचित उघडल्या जाणाऱ्या ॲपाच्या वाट्याला पार्श्वकामाची संधीही क्वचितच येते. २०१९ च्या १० व्या आवृत्तीत नजरेआड स्थान जाणून घेण्यासाठी वेगळी परवानगी आवश्यक झाली. २०२१ च्या १२ व्या आवृत्तीपासून नजरेआड असलेल्या ॲपास, काही अपवाद वगळता, पुरोभागी सेवाही सुरू करता येत नाही. २०२३ च्या १४ व्या आवृत्तीत अशा सेवेचा प्रकार (स्थान, ध्वनिवादन, माहितीची देवाणघेवाण इ.) घोषित करणे सक्तीचे झाले, तर २०२४ च्या १५ व्या आवृत्तीने देवाणघेवाणीच्या सेवेवर चोवीस तासांत सहा तासांची मर्यादा घातली. यांपैकी बरेच निर्बंध ॲप कोणत्या आवृत्तीला लक्ष्य करून बनविले आहे यावरही अवलंबून असल्याने जुने ॲप नव्या मोबाइलवर काही काळ सुटून जाते. परंतु ॲपबाजाराच्या नियमांनुसार ते अद्ययावत करण्याची वेळ आली, की ही सूट संपते.

काम टिकविण्याच्या पद्धती : या इतिहासाचा रोख पाहता ‘सेवा जिवंत कशी ठेवावी’ हा प्रश्नच बहुतांशी चुकीचा ठरतो. काम कसे जिवंत ठेवावे, असे विचारल्यास उत्तरे सापडू लागतात. त्यासाठी कामाची जात आधी ओळखावी लागते.

जे काम वापरकर्त्याने मुद्दाम सुरू केले आहे व ज्याचे चालू असणे त्याला समजलेले आहे, उदा., गाणे ऐकणे, वाटाड्याचा नकाशा, शेताच्या कडेने चालत केलेली मोजणी, त्यासाठी पुरोभागी सेवा हाच योग्य मार्ग होय. ती ॲप पडद्यावर असतानाच सुरू करावी, योग्य प्रकार घोषित करावा आणि काम संपताच स्वतः थांबवावी. सूचनापट्टीतील खूण अनेकांना त्रासदायक वाटते. वस्तुतः ती वापरकर्त्याशी केलेला उघड करार आहे आणि तिच्यामुळेच प्रक्रिया महत्त्वाच्या क्रमात वर चढते.

जे काम आत्ता झालेच पाहिजे असे नाही, परंतु झाले पाहिजे हे निश्चित, त्यासाठी सेवा जागी ठेवणे व्यर्थ आहे. २०१९ पासून स्थिर स्वरूपात उपलब्ध असलेली ‘वर्कमॅनेजर’ ही आज्ञावली-जोड यासाठीच आहे. काम कोणते, त्यास जाळे हवे की नको, बॅटरी किती असावी इ. अटी तिच्याकडे नोंदविल्या जातात. ही नोंद मोबाइलच्या कायम साठ्यात राहत असल्याने प्रक्रिया मेली किंवा मोबाइल बंद करून सुरू केला, तरी ती पुसली जात नाही. अटी पुऱ्या होतील तेव्हा प्रणाली ॲपास उठवून काम करवून घेते. काम फसल्यास पुन्हा प्रयत्न होतो. दोन प्रयत्नांतील अंतर सामान्यतः तीस सेकंदांपासून वाढत कमाल पाच तासांपर्यंत जाते. ठराविक काळाने परत करावयाच्या कामात किमान अंतर पंधरा मिनिटांचे असते, आणि एका खेपेस सामान्यतः दहा मिनिटांहून अधिक वेळ मिळत नाही. मोठी छायाचित्रे म्हणूनच तुकड्यांनी व जेथे थांबले तेथून पुढे पाठविता येतील, अशी योजना करावी लागते.

नेमक्या घटकेला करावयाच्या कामासाठी गजराची सोय आहे. डुलकीतही वाजू शकणारा गजर असतो, मात्र तो एका ॲपास सु. नऊ मिनिटांतून एकदाच मिळतो. अचूक गजरासाठी १२ व्या आवृत्तीपासून खास परवानगी लागते. घड्याळ व दिनदर्शिका वगळता फार थोड्या ॲपांना ती खरोखर आवश्यक असते.

बाहेरून येणाऱ्या वार्तेसाठी ॲपाने जागे राहून वाट पाहू नये. गूगल कंपनीची संदेशवहन यंत्रणा सर्व ॲपांच्या वतीने एकच जोडणी उघडी ठेवते व संदेश आल्यावर त्या त्या ॲपास उठविते. गावातील प्रत्येकाने डाकघराच्या पायरीवर बसून राहण्याऐवजी पोस्टमनने दार वाजवावे, तशी ही व्यवस्था आहे. तातडीचा म्हणून खूण केलेला संदेश डुलकीतील मोबाइलही ग्रहण करतो व ॲपास काही क्षण काम करू दिले जाते. ज्यांतून वापरकर्त्यास काहीच दिसत नाही, असे संदेश वारंवार तातडीचे म्हणून पाठविल्यास यंत्रणा पुढे त्यांचा दर्जा उतरविते.

वरील दोन ॲपांची निकड या पद्धतींच्या प्रकाशात स्पष्ट होते. त्यांची अंतर्गत रचना येथे विचारात घेतलेली नाही. पीक पाहणीसारख्या कामात डोंगराच्या आडोशाला उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या मोबाइलला संदेशलहरी मिळतीलच असे नाही. म्हणून पहिली पायरी जाळ्यावर अवलंबून असता कामा नये. गट क्रमांक, पीक, क्षेत्र, छायाचित्र व अक्षांश-रेखांश हे सर्व प्रथम मोबाइलच्या कायम साठ्यात लिहिले जावे व ते पक्के लिहिले गेल्यावरच पडद्यावर ‘जतन झाले’ असे यावे. स्थान टिपण्याचे काम ॲप पडद्यावर असतानाच उरकावे. त्यासाठी पार्श्वभागी परवानगी मागण्याचे कारणच उरत नाही. पाठवणी ही दुसरी, स्वतंत्र पायरी. शेतकरी संध्याकाळी गावात आला, की जाळे मिळाल्याच्या अटीवर तिने आपोआप सुरू व्हावे. जोडणी अर्ध्यावर तुटल्यास सर्व्हरला माहिती पोचली पण पोच परत आली नाही, असेही घडते. तेव्हा प्रत्येक नोंदीला मोबाइलवरच एकमेव क्रमांक दिलेला असावा, म्हणजे तीच नोंद दुसऱ्यांदा पोचली तरी सर्व्हर ती नवी समजणार नाही. आणि ‘जतन झाले’ व ‘पोचले’ या दोन अवस्था पडद्यावर वेगळ्या शब्दांत व वेगळ्या रंगांत दिसल्या पाहिजेत. पाहणीला हंगामागणिक मुदत असते. मोबाइलमध्येच अडकून राहिलेली नोंद मुदतीनंतर कोणाच्याही कामाची नसते. सातबाऱ्यावर पीक लागत नाही आणि त्या उताऱ्यावर विसंबणारी नुकसानभरपाई, पीकविमा, हमीभावाची खरेदी यांत अडचण येते. पार्श्वसेवेवर संपूर्ण भरवसा न टाकता हाताने पाठविण्याची खूण ठेवणे येथे अपरिहार्य आहे.

येथे एक विसंगतीही आहे. असे ॲप वर्षातून दोन-तीनदाच उघडले जाते. वापराच्या कप्प्यांत ते सर्वांत खालच्या कप्प्यात पडते, जेथे पार्श्वकामाची संधी दिवसातून जेमतेम एकदा मिळू शकते. ज्या ॲपाची गरज विरळ पण निर्णायक असते, त्याच्याशी ही व्यवस्था न्याय करीत नाही, असे म्हणावे लागते. प्रणाली वापराची वारंवारता मोजू शकते, निकड मोजू शकत नाही.

विजेच्या सूचनेबाबत ही विसंगती अधिक गंभीर होते. मराठवाड्यात विजांचा धोका मुख्यतः मॉन्सूनपूर्व व परतीच्या पावसाच्या काळात असतो, म्हणजे नेमका मशागत व वेचणीच्या हंगामाच्या आगेमागे. ढग जमताना शेतकरी ॲप उघडून बसत नाही. सूचनेनेच त्याला शोधावे लागते. तातडीचा पुश संदेश डुलकीतून वाट काढतो, हे खरे. पण तो कोणाला पाठवावयाचा, हे सर्व्हरला कळण्यासाठी मोबाइलचे स्थान ठाऊक हवे आणि ते ताजे राहण्यासाठी ‘नेहमी’ या प्रकारची स्थान-परवानगी लागते. ती नसल्यास गाव किंवा तालुका एकदा निवडून ठेवण्याचा पर्याय अधिक भरवशाचा ठरतो. दुसरी अडचण सहज ध्यानात न येणारी आहे. १२ व्या आवृत्तीपासून काही महिने न वापरलेले ॲप प्रणाली सुप्तावस्थेत टाकते. त्याच्या परवानग्या काढून घेतल्या जातात, नेमलेली कामे थांबतात आणि तातडीचे पुश संदेशही त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. आलेली सूचना नुसती बाजूला सारणे हा वापर धरला जात नाही. ती उघडली तरच धरला जातो. त्यामुळे गेल्या जूनमध्ये घेतलेले व नंतर न उघडलेले असे ॲप यंदाच्या वळवाच्या पावसात मोबाइलवर दिसत असूनही मुके असू शकते. यावर उपाय साधा आहे : ॲपाच्या माहितीपानावरील ‘न वापरल्यास ॲपची क्रिया थांबवा’ अशा आशयाची खूण बंद करणे, बॅटरीचा वापर ‘अनिर्बंध’ ठेवणे, जेथे ऑटोस्टार्टची परवानगी असेल तेथे ती देणे आणि हंगामाच्या तोंडाशी ॲप एकदा उघडून पाहणे. कृषी सहायकांच्या प्रशिक्षणात ॲप उतरवून घेण्याइतकेच महत्त्व या चार कृतींना दिले जाणे इष्ट आहे.

जीविताशी निगडित सूचना एखाद्या ॲपाच्या पार्श्वसेवेवर सोपवावी काय, हा प्रश्न उरतोच. त्याला पर्याय म्हणून प्रक्षेपण पद्धतीची सूचना आहे. तीत मनोऱ्याच्या कक्षेतील सर्व मोबाइलांना एकाच वेळी संदेश जातो. त्यासाठी ॲप, इंटरनेट वा स्थान-परवानगी यांपैकी काहीच लागत नाही. भारतात सी-डॉट या सरकारी संस्थेने विकसित केलेल्या अशा यंत्रणेच्या चाचण्या २०२३ मध्ये देशभर घेण्यात आल्या आणि मोबाइल एकाएकी मोठ्याने वाजू लागल्याचा अनुभव अनेकांनी घेतला. मनोऱ्याची लहर जेथे पोचत नाही, त्या दरीत मात्र हीही पद्धत निरुपयोगीच.

इतर प्रणाली : ॲपल कंपनीच्या आयफोनमध्ये प्रवास उलट दिशेने झाला. २००८ मध्ये बाहेरच्या ॲपांना प्रवेश मिळाला, तेव्हा पार्श्वकामास पूर्ण बंदी होती. २००९ मध्ये पुश संदेश, २०१० मध्ये ध्वनी, स्थान व इंटरनेटवरील संभाषण यांसाठी मर्यादित मुभा, २०१३ मध्ये अधूनमधून माहिती ताजी करण्याची सोय आणि २०१९ मध्ये कामे वेळापत्रकास सोपविण्याची नवी रचना अशी ती थोडी थोडी सैल होत गेली. आज दोन्ही प्रणाली जवळजवळ एकाच ठिकाणी येऊन ठेपल्या आहेत.

या मर्यादांची मोठी कसोटी कोविड-१९ च्या साथीत लागली. सिंगापूरचे ‘ट्रेसटुगेदर’ (मार्च २०२०) व भारताचे ‘आरोग्य सेतू’ (२ एप्रिल २०२०) ही दोन्ही ॲपे ब्लूटूथच्या साहाय्याने जवळ आलेल्या मोबाइलांची नोंद ठेवीत. हे काम दिवसभर व खिशातच चालणारे. आयफोनवर मात्र ॲप नजरेआड जाताच ब्लूटूथचा संकेत क्षीण होई आणि सिंगापूरमध्ये वापरकर्त्यांना ॲप पडद्यावर उघडे ठेवण्यास सांगावे लागले. अखेर ॲपल व गूगल यांनी १० एप्रिल २०२० रोजी संयुक्त घोषणा करून ही नोंद परिचालन प्रणालीतच घेतली आणि मे महिन्यात ती देशोदेशीच्या आरोग्य विभागांना खुली केली. भारताने ती पद्धत स्वीकारली नाही. आरोग्य सेतूमधील संपर्कशोधाचा भाग पुढे बंद करण्यात आला. राज्यसंस्थेने तयार केलेल्या ॲपालाही प्रणालीच्या मालकाच्या परवानगीवाचून पार्श्वभागी टिकता येत नाही, हे या प्रसंगाने प्रथमच सर्वांच्या नजरेस आणले. सार्वभौमत्वाच्या दृष्टीने त्याचा विचार अद्याप पुरेसा झालेला नाही.

चाचणी : पार्श्वसेवेची परीक्षा कार्यालयातील टेबलावर, भारणीस लावलेल्या मोबाइलवर घेणे हा नेहमीचा दोष आहे, भारणी चालू असताना डुलकी लागतच नाही. संगणकाशी जोडलेल्या मोबाइलला आज्ञा देऊन ‘बॅटरीवर आहे’ असे भासविता येते, त्यास कृत्रिमरीत्या डुलकीत ढकलता येते, ॲपास खालच्या कप्प्यात टाकता येते व त्याची प्रक्रिया मारता येते. या प्रत्येक प्रसंगानंतर नोंदी शाबूत आहेत का आणि पाठवणी पुन्हा सुरू होते का, हे पाहावे लागते. याशिवाय स्वस्त, कमी स्मृतीचे व निरनिराळ्या उत्पादकांचे तीन-चार मोबाइल घेऊन ते रात्रभर न हलविता ठेवणे आणि दुसऱ्या दिवशी लहर नसलेल्या जागी जाऊन परत येणे, ही साधी चाचणी बरेच काही सांगून जाते. सर्व्हरच्या बाजूने नोंद मोबाइलवर केव्हा झाली व केव्हा पोचली, या दोन्ही वेळा साठविल्यास त्यांतील अंतरावरून कोणत्या आवृत्तीवर किंवा कोणत्या बनावटीच्या मोबाइलवर पाठवणी अडते, हे प्रत्यक्ष वापरातूनच कळत राहते.